चेन उतरली, गप्पा चढल्या

परभणीत भल्या पहाटे वसमत रोडने झिरो फाट्याच्या दिशेला निघणाऱ्या सायकलवाल्यांच्या एका गटात एक वाद कित्येक वर्षं मिटलेला नाही. चेनला तेल कोणतं घालायचं? सोयाबीनच्या भावावर, क्रिकेटवर, अगदी निवडणुकीवरही कधीमधी एकमत होतं. या प्रश्नावर मात्र नाही. चहाच्या टपरीवर सायकली टेकल्या की कुणीतरी शेजारच्याच्या चेनकडे वाकून बघतो आणि खडा टाकतो, "सर, चेन वाजायली का चिमण्या पाळल्यात?" सरांचं उत्तर तयार असतं, "चिमण्या परवडल्या मामा. तुमच्या चेनवरच्या तेलात तर भजी तळता येतील."

सर शाळेत विज्ञान शिकवतात. मामा एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. एकाचं औषधांचं दुकान आहे, एकाचं कापडाचं, एक बँकेत. दोघांकडे गिअरच्या सायकली, बाकीच्यांकडे त्याच जुन्या, काळ्या, कॅरिअरवर पोतं बसेल अशा. पुस्तकात तिला साखळी म्हणतात, पण साखळी दाराला किंवा कुत्र्याला, सायकलला चेनच. आणि चेन पडली की चैन पडत नाही, हा विनोद आठवड्यातून एकदा होतोच. हसतातही सगळे.

वाद तेलाचा असला तरी त्यात विज्ञान भरपूर आहे. म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

पहिला पक्ष घरच्या तेलाचा. परभणी हा करडईचा मुलूख. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करडईवर संशोधन चालतं आणि ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण इथलंच. तेव्हा घरातल्या बरणीतलं दोन चमचे करडईचं तेल चेनला गेलं तर बिघडलं कुठं, असा हा पक्ष विचारतो. बिघडतं ते असं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल साधारण सत्तर टक्क्यांच्या वर असतं. हृदयाच्या दृष्टीने त्याचं कौतुक होतं ते याच आम्लामुळे. पण हे आम्ल हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू जोडलं जातं, रेणूला रेणू चिकटतो आणि पातळ तेलाचा चिकट पापुद्रा होतो. तेलाच्या बरणीच्या बाहेर ओघळलेला थेंब महिन्याभराने बोटाला कसा चिकटतो, ते आठवा. जवसाचं तेल तर या बाबतीत आणखी पुढचं. म्हणून ते रंगात आणि क्रिकेटच्या बॅटला वापरतात, तिथे ते वाळावं हीच अपेक्षा असते. चेनमध्ये वाळलेलं तेल म्हणजे डिंक. त्यावर धूळ बसते आणि बसलेली उठत नाही.

"मग खोबरेल?" बँकवाले विचारतात. खोबरेल तेल असं चिकटत नाही, कारण त्यातली बहुतेक आम्लं संपृक्त असतात. पण ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा बाटलीतलं खोबरेल चमच्याने काढावं लागतं. चेनमधलं कशाने काढणार?

दुसरा पक्ष डब्ल्यूडी-४०च्या निळ्या-पिवळ्या डब्याचा. फवारलं की गंजलेली चेनही चार दिवस गप्प बसते. या द्रावणाचा जन्म १९५३ सालचा, अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा. नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. ते मुळात वापरलं गेलं क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. क्षेपणास्त्राचं नाव अ‍ॅटलस! हे कळल्यापासून आमचे अ‍ॅटलस सायकलवाले फार खूश आहेत. (त्यांच्या सायकलच्या कंपनीने साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद केला तो २०२०च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी. तो विषय निघाला की ते गप्प होतात.) तर या फवाऱ्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. मळ सुटायला, पाणी हटायला तो चांगला. पण मागे उरणारं वंगण थोडं. फवारून, पुसून, वर खरं तेल घातलं तर ठीक.

मामांचा पक्ष वेगळा. ते म्हणतात, तेल कोणतं हे नंतर बघू, तेल जातं कुठं ते आधी सांगा. तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे आणि तोच बरोबर प्रश्न आहे.

चेनची एक कडी म्हणजे पाच तुकडे: दोन पट्ट्या, एक पिन, पिनेवर एक बारीक नळी आणि नळीवर फिरणारा रोलर. बिनगिअरच्या सायकलला साधारण ११२ कड्या असतात, म्हणजे साडेपाचशेहून जास्त सुटे भाग. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाची. १८७९मध्ये त्याने मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये सूतगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा एक छोटा धंदा विकत घेतला आणि १८८०मध्ये नळी-रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं. पाच वर्षांनी जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. आपण आज चालवतो ती सायकल मुळात तीच.

चेन दात्यांवर चढताना प्रत्येक सांधा थोडा वाकतो, उतरताना सरळ होतो. पुढे दोनदा, मागे दोनदा. सरांनी एकदा चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला होता. पुढे ४४ दाते, मागे १८, अठ्ठावीस इंची चाक. एका पायडलला साडेपाच मीटरच्या आसपास अंतर. वीस किलोमीटरची फेरी केली तर चेनमधला प्रत्येक सांधा जवळजवळ सहा हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. हे घर्षण सगळं आत, पिन आणि नळीच्या मध्ये. बाहेरून चकचकीत काळं तेल चोपडलेली चेन आतून कोरडी असू शकते. आणि बाहेरचं तेल करतं काय? रस्त्यावरची धूळ, मुरुमाची पूड, खडीची कच धरून ठेवतं. तेल अधिक कच म्हणजे व्हॉल्व्ह घासायला गॅरेजमध्ये वापरतात तसली पेस्ट. तुम्ही पायडल मारता आणि ती चेन घासते.

म्हणून कृती साधी. चेन फडक्याने पुसायची. प्रत्येक रोलरवर एक थेंब, बस. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत चालतं, पण लवकर उडतं. पावसाळ्यात जरा दाट तेल हवं. पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुन्हा पुसून टाकायचं. हे शेवटचं पुसणं कुणीच करत नाही. पुसलं तर तेल घातलंय असं दिसत नाही ना!

आता ‘चेन ताणली’ या शब्दाबद्दल. पोलादी पट्ट्या आपल्या पायांनी ताणल्या जात नाहीत. पिना आणि नळ्या झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. हे मोजायला शाळकरी मुलाच्या दप्तरातली एक फुटाची पट्टी पुरते. कड्यांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोविसाव्या कडीनंतरची पिन कुठे येते ते बघा. बारावर आली तर चेन नवी. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर पुढे गेली, तर चेन गेली आणि बहुधा मागचं फ्रीव्हीलही घेऊन गेली. त्याच्या निम्म्यावर, दीड मिलिमीटरला बदलली तर दाते वाचतात. दीड मिलिमीटर म्हणजे प्रत्येक सांध्यात किती झीज? साधारण एका केसाच्या जाडीएवढी.

झिजलेली चेन हा निव्वळ खर्चाचा मामला नाही. चढावर उभं राहून जोर लावताना चेन दात्यावरून सटकली की पाय रिकामा खाली जातो आणि माणूस दांडीवर आपटतो किंवा ट्रकच्या बाजूला पडतो. कल्याण-निर्मल महामार्गावर हा विनोदाचा विषय नाही.

गिअरवाले दोघे मात्र वेगळ्याच चिंतेत असतात: चेनमुळे किती वॅट वाया जातात? १९९९मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. चांगल्या स्थितीत चेन तुमच्या पायांची ९८.६ टक्के ताकद चाकापर्यंत पोचवत होती. वाईटात वाईट स्थितीत ८१ टक्के. दाते मोठे आणि चेन ताठ असली की काम चांगलं होत होतं. आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत तेलाने फारसा फरक पडला नाही! हे सरांनी वाचून दाखवलं तेव्हा टपरीवर मिनिटभर शांतता होती. मग मामा म्हणाले, "प्रयोगशाळा कुठं, आपला गंगाखेड रोड कुठं." बरोबर आहे. तेलाचं खरं काम धूळ-पाण्याच्या जगात चेन टिकवणं हे आहे.

तसंही रमतगमत सायकल चालवताना आपण पन्नास-साठ वॅटच लावतो. त्यातले दोन टक्के म्हणजे वॅटभर. तेवढ्यासाठी महागाची चेन घ्यायची आणि घरी जाताना भजीची प्लेट अधिक दोन गोड चहा, हे गणित औषधवाल्यांना पटत नाही. तासाभराच्या सायकलीने सत्तर किलोच्या माणसाच्या तीन-चारशे किलोकॅलरी खर्च होतात. भजी त्यातली बरीचशी कमाई परत करतात. "चेन पन्नास ग्रॅमने हलकी केली तुम्ही," ते बँकवाल्यांच्या शर्टाकडे बघत म्हणतात, "आता पाच किलोचं कधी बघायचं?"

भजी खाऊनही सायकल फायद्याचीच. ब्रिटनमधल्या दोन लाख साठ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७मध्ये निष्कर्ष मांडला: कामावर सायकलने जाणाऱ्यांत, त्या काळात मृत्यू येण्याचा धोका बसून प्रवास करणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी दिसला. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, सायकल चालवणारे मुळातच धडधाकट असू शकतात. तरी फरक मोठा आहे.

चेनच्या बाबतीत आरोग्याचे खरे धोके मात्र घरात आणि अंगणात असतात. पहिला म्हणजे गाडीचं जळकं ऑइल. फुकट मिळतं, म्हणून दुकानात डब्यात भरून ठेवलेलं असतं. रेनॉल्डच्या चेनने ज्या भागात जन्म घेतला तिथल्याच सूतगिरण्यांत यंत्रांचं तेल वर्षानुवर्षं अंगावर उडून कामगारांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होत होता. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२मध्ये त्यावर बोट ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहेत. इंजिनात जळलेल्या तेलात तर तसली रसायनं आणखी वाढतात. महिन्यातून एकदा बोटाला डाग लागला म्हणून घाबरू नये. पण सायकल दुकानात काम करणाऱ्या मुलाचे हात दिवसभर त्यात असतात आणि संध्याकाळी तो ते पेट्रोलने धुतो. त्याला हातमोजे आणि साबण मिळायला हवा.

दुसरा धोका चेन धुवायला आणलेलं रॉकेल किंवा डिझेल. ते थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. लहान मूल ते पाणी समजून पितं. प्यायलंच तर उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि खरी हानी तिथे होते. सरळ दवाखाना गाठा.

तिसरा धोका उलट्या सायकलचा. सुट्टीत पोरं सायकल उलटी करून पायडल फिरवतात, एक फिरवतो आणि दुसरा चेनला हात लावतो. बोटाचं टोक दात्यात गेलं तर ते क्षणात तुटतं. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फात नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या सायकलींनी आपल्याकडच्या कितीतरी गावांतल्या शाळेची वाट जवळ केली. त्या सायकलीचं चेनकव्हर खडखडतं म्हणून काढून टाकू नका. ओढणी चेनमध्ये जायला क्षण पुरतो. एक नट आवळला तर खडखड थांबते.

एवढं सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट उरतेच. ही माणसं चेनवरच एवढी का बोलतात?

ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ आहे. हजाराहून अधिक ठिकाणी निवृत्त, एकटे पुरुष एकत्र येऊन लाकूडकाम करतात, यंत्रं दुरुस्त करतात. तिथल्या लोकांचं निरीक्षण असं की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. आपल्याकडे त्याला पार म्हणत, आखाडा म्हणत, कटिंगचं दुकान म्हणत. हात कशात तरी गुंतलेले हवेत आणि नजर दुसरीकडे. "कसे आहात?" या प्रश्नाला पुरुषाचं उत्तर ठरलेलं, "निवांत." "चेन का वाजायली?" या प्रश्नाला मात्र तो दहा मिनिटं बोलतो आणि अकराव्या मिनिटाला मुलाचं लग्न जमत नाही हे सांगून जातो.

याला औषधाएवढी किंमत आहे. २०१०मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र घेऊन पाहिलं. ज्यांची माणसांत ऊठबस होती त्यांची जगण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. दुसरी बाजू आपल्याला मराठवाड्यात कुणी सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात दर दहांत सात पुरुष. कर्ज, आजार, घरातली भांडणं अशी कारणं नोंदवली जातात. त्याआधी किती दिवस तो माणूस कुणाशी बोलला नव्हता, याचा रकाना कुठल्या अर्जात नसतो.

गटातले कापड दुकानवाले काका गेल्या पावसाळ्यात यायचे बंद झाले. पत्नी गेली होती. सुरुवातीला सगळे भेटून आले, मग नेहमीसारखं झालं, फोन केला तर "बरं आहे, येतो एक-दोन दिवसांत." पाच आठवडे गेले. एका रविवारी मामा त्यांच्या घरी थडकले आणि दारातच म्हणाले, "तुमची सायकल बघायला आलो." सायकल जिन्याखाली होती, चेन गंजून तांबडी. दोघांनी ती अंगणात आणली. डिझेल, जुना दात घासायचा ब्रश, फडकं. पहिला अर्धा तास ते चेनवरच बोलले. मग काका ब्रश घासता घासता म्हणाले, रात्री दोनला जाग येते ती येतेच. बीपीच्या गोळ्या ती द्यायची. कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची तेच माहीत नाही, म्हणून बंदच केल्यात.

मामांनी मान वर केली नाही. ब्रश चालवत राहिले आणि म्हणाले, "डब्बा आणा, वाचू." संध्याकाळी औषधवाले आले, दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. बीपी बरंच चढलेलं होतं. झोपेचं आणि मनाचंही डॉक्टरांनी विचारलं, औषध सुरू केलं. ज्यांना असं दार ठोठावणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. लावणाऱ्याने स्वतःसाठीच लावायला हवा असं नाही. भाऊ गप्प झालाय, काय करू, हेही विचारता येतं.

चेनचं म्हणाल तर गंज वरवरचाच निघाला. काकांचं म्हणणं, अजून वर्षभर चालेल. सरांनी पट्टी लावली. चोविसावी कडी बाराच्या पुढे पूर्ण तीन मिलिमीटर. फ्रीव्हीलही बदलावं लागलं.